हत्यार लागलं की पसरतो

'गाठीला हत्यार लावू नका, लागलं की पसरतो.' कॅन्सरबद्दलचं हे वाक्य ऐकलं नाही असा पुणेकर विरळाच. आमच्या आत्याच्या बाबतीत तर ते खरंच झालं, असं घरातले अजून मानतात. ऐंशीच्या दशकात तिच्या छातीतली सुपारीएवढी गाठ एका छोट्या नर्सिंग होममध्ये तासाभरात काढली. चार टाके घातले, संध्याकाळी घरी पाठवलं. काढलेली गाठ तपासायला पाठवलीच नव्हती. आठ महिन्यांनी त्याच टाक्यांखाली ती पुन्हा हाताला लागली आणि मग आत्याला टाटाला न्यावं लागलं.

'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुण्यात पुढचं कुणी विचारत नसे. कॅन्सर हा शब्द उच्चारावाच लागायचा नाही. पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस, दादरला उतरायचं, फाईल छातीशी धरून परळ. मुक्काम वाढला तर गाडगे महाराजांची धर्मशाळा.

आत्याच्या गाठीला हत्यार लागलं म्हणून रोग पसरला, असं नव्हतं. ते अर्धवट लागलं होतं. कॅन्सरची गाठ भोवतालच्या निरोगी मांसाच्या थरासकट काढावी लागते. तो थर मागे राहिला की कॅन्सरच्या पेशीही मागे राहू शकतात आणि पुढच्या वेळी काम दुप्पट अवघड होतं. तेव्हा पहिलं ऑपरेशन कोणी करायचं? कॅन्सर सर्जनांची वेगळी संघटना निघाली ती फिरूनफिरून याच प्रश्नातून, असं माझं मत आहे.

भारतातल्या शल्यचिकित्सकांची मूळ संघटना, असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया, 1938 सालची. त्या काळी सर्जन म्हणजे सगळ्याचा सर्जन. हर्निया त्याचा, मूतखडा त्याचा आणि जिभेवरची जखमही त्याचीच. कॅन्सरसाठी वेगळं घर मिळालं ते परळला. लेडी मेहरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले आणि त्यांच्या ट्रस्टनं बांधलेलं टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं. 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. रुग्णालय अणुऊर्जेकडे कसं, याचं नवल आजही अनेकांना वाटतं; उत्तर रेडिएशनमध्ये, म्हणजे किरणोपचारात आहे. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारखे सर्जन इथेच घडले. रुग्णालयालगतच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे.

दक्षिणेत मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या खटपटीतून 1954 मध्ये अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. इतरत्र मात्र कॅन्सर अजून जनरल सर्जनच्याच टेबलावर होता. रोगाची मोजदादही उशिराच लागली. मुंबईत कॅन्सरची नोंदणी साठच्या दशकात सुरू झाली, पुण्याची नोंद 1973 पासून मिळते.

सत्तरचं दशक सर्जनांना जड गेलं. त्याआधीची जवळजवळ ऐंशी वर्षं स्तनाच्या कॅन्सरवर अमेरिकेतल्या हॉल्स्टेडची पद्धत चालत होती: स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या लसीकाग्रंथी (रोग बहुधा आधी जिथे पसरतो त्या छोट्या ग्रंथी), सगळं एकत्र काढायचं. जितकं जास्त कापाल तितकी खात्री, असा हिशेब. तो चुकतोय अशी शंका येऊन पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी या सर्जनांनी कमी कापून भागतं का, याच्या चाचण्या लावल्या. 1976 मध्ये मिलानचेच डॉक्टर बोनाडोना यांनी दाखवलं की ऑपरेशननंतर तीन औषधांची केमो दिली तर रोग परतण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे नुसता हात चांगला असून भागणार नव्हतं. कधी कापायचं, किती कापायचं, आधी औषध की आधी सुरी, हे कळणारा सर्जन हवा होता.

जगभर या सर्जनांच्या संघटना त्याच सुमाराला आकाराला आल्या, हा योगायोग वाटत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये शिकलेल्यांनी 1940 मध्ये जेम्स ईविंग सोसायटी काढली होती. (गंमत म्हणजे ईविंग सर्जन नव्हतेच, पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेल्या गाठी तपासणारे डॉक्टर होते.) 1975 मध्ये तिनं सोसायटी ऑफ सर्जिकल ऑन्कॉलॉजी हे नाव घेतलं. ब्रिटनची संघटना 1973 ची, युरोपची 1981 ची. मध्ये, 1977 साली, आपली इंडियन असोसिएशन ऑफ सर्जिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे आयएएसओ.

ती स्वतंत्र चूल मांडून निघाली नाही. सर्जनांच्या मूळ संघटनेचा एक विभाग म्हणूनच तिची सुरुवात झाली. एकत्र कुटुंबातल्या धाकट्यानं वेगळी खोली मागावी, तसं. मला यात शहाणपण दिसतं. देशातल्या कॅन्सरच्या बहुतेक शस्त्रक्रिया तेव्हा जनरल सर्जनच करत होते. त्यांच्याशी भांडून काही साधलं नसतं, त्यांना शिकवूनच साधणार होतं.

संघटना निघाली, पण 'कॅन्सर सर्जन' ही पदवी कुठे होती? ती 1984 मध्ये आली, अड्यारला. एमबीबीएस, मग एमएस, मग तीन वर्षांचं एमसीएच. आज कर्वे रस्त्यानं जाताना पाट्यांवर 'कर्करोग शल्यचिकित्सक' याखाली जी तीन अक्षरं दिसतात, ती तिथून सुरू झाली. बाकी वाटचाल अशा संघटनांच्या रिवाजाप्रमाणे झाली: दरवर्षी नॅटकॉन ही राष्ट्रीय परिषद आणि 2010 पासून स्वतःचं नियतकालिक, इंडियन जर्नल ऑफ सर्जिकल ऑन्कॉलॉजी.

पण परिषदांपेक्षा मला या विषयाचं मर्म तोंडाच्या कॅन्सरमध्ये दिसतं. तो आपला घरचा रोग. तंबाखू, गुटखा आणि बायकांची मिश्री. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड, सकाळी दातांना लावायची, मग कामाला लागायचं. सुरुवातीच्या अवस्थेत गाठ तोंडात असते, मान हाताला साफ लागते. मग मानेतल्या लसीकाग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की वाट बघून पुढे सुजल्या तर काढाव्यात? या वादाला पन्नासेक वर्षं झाली होती. टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांची चाचणी 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी 67.5 टक्के. उत्तर पुन्हा पहिल्या ऑपरेशनशीच येऊन थांबलं.

पुण्यात आता परळ गाठायची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. ट्यूमर बोर्ड बसतात, म्हणजे सर्जन, केमोवाले आणि रेडिएशनवाले एका टेबलाशी बसून केस ठरवतात. स्तनातली गाठ काढली की तिला दोन दोरे बांधून लॅबला देतात, आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या. पॅथॉलॉजिस्ट तिला शाई लावतो आणि शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्यात का ते बघतो. पोचल्या असतील तर कुठल्या बाजूनं, ते दोऱ्यांवरून कळतं.

तरी संघटनेच्या हाती परवाना देण्याघेण्याचा अधिकार नाही. एमएस झालेला कोणताही सर्जन कायद्यानं कॅन्सरची गाठ काढू शकतो. काही फार चांगली काढतात, हेही खरं. पण 'बाहेर ऑपरेट झालेली केस' हा शब्दप्रयोग कॅन्सरच्या ओपीडीत अजून रोज ऐकू येतो. अशा पेशंटला पहिला प्रश्न असतो, 'स्लाइड आणि ब्लॉक आणलाय का?' स्लाइड म्हणजे काचपट्टीवरचा गाठीचा पातळ काप आणि ब्लॉक म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, जो वर्षानुवर्षं टिकतो. आत्यालाही टाटात तेच विचारलं होतं. तिच्या पिशवीत नर्सिंग होमचं बिल होतं, टाक्यांची तारीख लिहिलेली चिठ्ठी होती, ब्लॉक नव्हता.