नितळ पाण्याच्या तळाशी

अलास्कातल्या ब्रुक्स पर्वतरांगेत किमान 75 ओढे आणि नद्या नारिंगी, गढूळ झाल्याची नोंद 2024 साली प्रसिद्ध झाली. या पाण्याच्या आसपास ना खाण, ना कारखाना. कायम गोठलेली जमीन वितळू लागल्यावर तिच्यात दडलेल्या पायराइटसारख्या लोह-गंधकाच्या खनिजांना हवा आणि पाणी लागले, त्यातून गंधकाम्ल तयार झाले आणि लोह प्रवाहात उतरले, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. तो काढता आला, कारण उंच डोंगरांतल्या आणि ध्रुवांकडच्या पाण्यात कोणता क्षार कुठून येतो, याचा माग त्याआधी साठेक वर्षे चिकाटीने काढला गेला होता.

1964 साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून निघणाऱ्या झऱ्यांचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. रॉबर्ट गॅरल्स आणि फ्रेड मॅकेन्झी या भूरसायनशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये त्या आकड्यांवरून उलटा हिशोब मांडला. झऱ्याच्या पाण्यातून आधी बर्फाने आणलेले क्षार वजा केले. उरलेले सोडियम, कॅल्शियम आणि सिलिका ज्या खडकातून आले, त्याची खनिजे कागदावर पुन्हा जुळवली. हिशोब जवळजवळ तंतोतंत बसला. मातीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्ल झालेले पाणी मुख्यतः प्लॅजिओक्लेज हे खनिज झिजवते आणि मागे केओलिनाइटची चिकणमाती सोडते. पाण्याच्या बाटलीतून डोंगराची झीज वाचता येते, हे इतक्या सुबकपणे याआधी क्वचितच कोणी दाखवले असेल.

पण असे पाणी हळवेही असते. खडक कठीण, माती पातळ, त्यामुळे आम्ल पचवणारे क्षार पाण्यात फारसे नसतात. स्वीडनच्या स्वांटे ओडेन यांनी 1967 मध्ये तळ्यांच्या आम्लतेचा संबंध दूरच्या धुराड्यांतून निघणाऱ्या गंधकाशी जोडला आणि स्कँडिनेव्हियातली मासे संपलेली तळी चर्चेत आली. अमेरिकेत हबर्ड ब्रूकच्या जंगलात 1963 पासून पावसातून काय येते आणि ओढ्यातून काय जाते याचा ताळेबंद ठेवला जात होता. तिथेही पाऊस आम्लच निघाला.

नॉर्वेत बर्फावर झालेले काम मला या सगळ्यात विशेष मोलाचे वाटते. योहानेसन आणि हेन्रिक्सन यांनी 1978 साली दाखवले, की वितळपाण्याच्या पहिल्या 30 टक्क्यांतच बर्फात साठलेल्या प्रदूषकांपैकी 50 ते 80 टक्के वाहून जातात. हिवाळाभर बर्फाचे कण मोडतात, पुन्हा घडतात. घडताना परके क्षार आत न ठेवता पृष्ठभागावर ढकलतात, आणि वसंतातले पहिले पाणी ते धुऊन नेते. म्हणजे वर्षाची सरासरी पाहिली तर तळे ठीकठाक दिसते, पण माशांची पिल्ले नुकती बाहेर आलेली असताना त्या थोड्या दिवसांत आम्लाचा झटका बसतो. मोजमाप कधी केले, यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो!

हाच धडा कोलोरॅडोतल्या सेंट केविन गल्च या ओढ्याने दिला; खाणीच्या पाण्याने तो आम्ल झाला होता. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी संशोधक डायान मॅकनाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दिवसरात्र नमुने घेतले. ऊन चढले की गोट्यांवर बसलेल्या लोहाच्या थरातून काही लोह प्रकाशामुळे पुन्हा विरघळते, रात्री त्याचे पाण्यातले प्रमाण घटते. दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या बाटलीत वेगळी उत्तरे! कोलोरॅडोतल्याच रॉकी पर्वतांतल्या तळ्यांच्या गाळात वाहने आणि शेतीतून आलेल्या नायट्रोजनच्या खुणा सापडल्या: विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथले डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, बदललेले दिसतात.

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो कोरड्या दऱ्यांत 1993 पासून सलग निरीक्षणे सुरू झाली. झाड नाही, पाऊस नाही. उन्हाळ्यातले थोडे आठवडे हिमनद्यांचे वितळपाणी वाहते, एवढाच प्रवाह. इतक्या थंडीत खडक फारसे झिजणार नाहीत, असा साधारण समज होता. प्रत्यक्षात ओढ्याच्या तळाखालच्या आणि कडेच्या ओल्या वाळूत झीज जोरात चालते. पाणी त्या वाळूत शिरते, तिथे रेंगाळते, क्षार घेऊन परत प्रवाहात येते. तळाखालच्या या पट्ट्याला रुमानियाच्या ऑर्गिडान यांनी 1959 मध्येच नाव दिले होते, हायपोऱ्हेइक. पण रसायनांच्या हिशोबात त्याला जागा मिळायला बराच काळ गेला.

याच दऱ्यांत सुमारे दोन दशके जवळपास कोरड्या पडलेल्या एका पात्रात 1990च्या दशकात मुद्दाम पाणी वळवण्यात आले. दगडांवर सुकून काळी पापडी झालेले सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे थर आठवड्याभरात पुन्हा भरभरून वाढले. पहिली काही वर्षे त्या पात्रातल्या पाण्यात शेजारच्या ओढ्यांपेक्षा क्षारही जास्त होते. कोरडे पात्र मेलेले नव्हते, साठवून बसले होते.

अलास्कातल्या कुपारुक नदीत 1983 पासून दर उन्हाळ्यात थोडे फॉस्फरस सोडण्यात आले. आधी गोट्यांवर शेवाळ दाटले, कीटक आणि मासे वाढले. प्रयोग तिथेच थांबला असता तर गोष्ट इतकीच राहिली असती. सात-आठ वर्षांनी मात्र तळावर मॉस ही बुटकी हिरवी वनस्पती पसरली आणि नदीचे रूपच पालटले.

आता ब्रुक्स रांगेत तळावर लोहाचा नारिंगी साका बसतो, माशांची अंडी आणि कीटक जिथे राहतात नेमक्या त्या गोट्यांवर. काही ठिकाणी पाण्याचा सामू (pH; जितका कमी तितके पाणी आम्ल) 2.3 इतका खाली गेला आहे. हे पट्टे उपग्रहाच्या चित्रांत ओळखू येतात. लोहाबरोबर विरघळून आलेले जस्त, निकेल, तांबे आणि कॅडमियम मात्र त्या चित्रांत दिसत नाहीत. त्यासाठी त्या दुर्गम ओढ्यांपर्यंत जाऊन बाटलीच भरावी लागते.