रेशनच्या पिशवीमागची पाचशे वर्षं

पावसाळा संपल्यापासून आमच्या वसईतल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, गरजू घरांना मदत करणाऱ्या ग्रुपमध्ये पाच-सहा नवीन पोरं-पोरी यायला लागलीत, कॉलेजवाली, एकदम उत्साही, आणि त्यांना आमचा एक नियम काही केल्या पटत नाही. महिन्याचं रेशन घेऊन कुणाच्या घरी एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघायचं नाही, आत बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं, समोरचा बोलेल ते ऐकून घ्यायचं. पोरं म्हणतात, आंटी, बाइकवरून एका दुपारी वीस घरं होतील, तुम्ही चारच का करता? प्रश्न रास्त आहे, मलाही पहिल्या वर्षी हाच पडला होता. पण हा नियम आमच्या कमिटीच्या डोक्यातून आलेला नाही, त्याच्या मागे खूप जुना इतिहास आहे, आणि त्यातला काही अभिमान वाटावा असा आहे तर काही मान खाली घालायला लावणारा आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

सुरुवात वसईच्या किल्ल्यापासून करूया. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली, ती १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. पोर्तुगीज जिथे जिथे गाव वसवायचे तिथे किल्ला आणि चर्चबरोबर अजून एक गोष्ट उभी राहायची, ती म्हणजे मिझेरिकॉर्डिया, दयेची कामं करणारी संस्था. तशी ती वसईत होती, खाली चौललाही होती. मूळ संस्था १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या पुढाकाराने सुरू झाली आणि मला तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की ती फादरांची नव्हती. प्रापंचिकांची होती, संसारी माणसांची. सभासदांत निम्मे खानदानी घरातले आणि निम्मे कारागीर, सुतार-लोहार असले कष्टाचे धंदे करणारे, अशी रीत होती. कामं किती, तर चौदा. सात शरीराची आणि सात आत्म्याची. शरीराची सात आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेलीच आहेत, भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, आजाऱ्याची सेवा, तुरुंगातल्याची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. यातली पहिली सहा बायबलमधल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातून सरळ आलेली, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलंत, तिथून. आता बघा, यातली किमान दोन कामं अशी आहेत जी घरबसल्या किंवा पैसे पाठवून होतच नाहीत. आजाऱ्याकडे जावंच लागतं. कैद्याला भेटायला तुरुंगातच जावं लागतं.

पण त्याच काळातली दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, ती झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. १५५९ साली पोर्तुगीज राजाच्या नावाने गोव्यासाठी हुकूम निघाला, की आईवडील गेलेली हिंदू मुलं ताब्यात घ्यायची आणि त्यांना ख्रिस्ती करून वाढवायचं. पुढे तर नातेवाईक असतानाही मुलं नेली गेली! पोरक्या पोराला जवळ करणं हे दयेचंच काम, आणि त्याच कामाचा असा वापर झाला. आपल्या शेजारपाजारच्या लोकांच्या मनात चर्चच्या मदतीबद्दल आजही कधीकधी शंका येते ना, तिचं मूळ फार खोल आहे आणि ती शंका काढणाऱ्याला उर्मटपणे उत्तर देण्याआधी हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

१७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, त्यांचे मोठे मठ ओस पडले. चर्च टिकली ती गोव्याहून आलेल्या फादरांच्या आणि इथल्या कुळंब्यांच्या, वाडवळ, सामवेदी घरांच्या जिवावर. या काळाबद्दल फार काही बोलत नाही, पुढे जाते.

पुढची मोठी लाट आली प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची. १८१३ ला अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत उतरले आणि १८२३ च्या सुमाराला स्कॉटिश मिशनरी सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटला आले, तिथून हर्णैला. रस्ते नव्हते, गलबतं आणि होड्या, पावसात चार महिने तेही बंद. त्यांनी काम काय केलं तर मराठी शाळा काढल्या. ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ ला आले तेव्हा मराठी शिकायला सुरुवातीचे महिने हर्णैलाच राहिले होते. म्हणजे आधी लोकांची भाषा, मग बाकीचं. हे लोक काही वर्षांत पुण्याकडे सरकले, पण कोकणात वाचायला लिहायला शिकलेली माणसं मागे राहिली. रेव्हरंड टिळक, नारायण वामन, तेही मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचेच, जन्म १८६१ चा.

आणि मग दवाखाने. वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं, तिथे डॉक्टर गोहीन यांनी कितीतरी वर्षं काढली. त्यांचा मुलगा रॉबर्ट वेंगुर्ल्यातच १५ ऑगस्ट १९१९ ला जन्मला, पुढे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा अध्यक्ष झाला आणि नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत. घाटावर मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांचं हॉस्पिटल १८९४ ला सुरू झालं होतं. आम्ही कॅथलिक, हे प्रोटेस्टंट, पण या कामात मी तो भेद करत नाही, शिकायचं ते कुणाकडूनही शिकावं.

तरी यात एक गोष्ट हळूहळू बदलली होती हे लक्षात घ्या. मिझेरिकॉर्डियामध्ये गावातली माणसं गावातल्यांसाठी करत होती. मिशनच्या काळात सेवा करणारा म्हटलं की साहेब, मडम, डॉक्टर, फादर, सिस्टर आणि बाकीचे सगळे घेणारे, रांगेत उभे. चर्चमध्ये बसणाऱ्या साध्या माणसाने फक्त दानपेटीत पैसे टाकायचे.

आमचा तो दोघांनी जायचा नियम इथे येतो. १८३२ ला पॅरिसमध्ये कॉलराने हजारो माणसं मेली. तिथे फ्रेडरिक ओझानाम नावाचा एक कॉलेजचा पोरगा होता, मित्रांबरोबर वादविवाद करणारा, त्याला कुणीतरी तोंडावर विचारलं की तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल खूप, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता ते बोला. असं सांगतात की तो आणि त्याचा एक मित्र हिवाळ्यासाठी ठेवलेली उरलीसुरली जळाऊ लाकडं उचलून एका गरीब कुटुंबाच्या घरी घेऊन गेले. मग २३ एप्रिल १८३३ ला, त्याच दिवशी ओझानाम वीस वर्षांचा झाला, पाच-सहा विद्यार्थी आणि एक वडीलधारे संपादक असे जमले आणि त्यातून सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. कुणाच्या घरी जायचं, कसं बोलायचं हे त्यांना सिस्टर रोझाली रोंद्यू यांनी शिकवलं, पॅरिसच्या गरीब वस्तीत आयुष्य काढलेल्या. पद्धत तेव्हाची आजही तीच, दोघांनी घरी जायचं, पुढच्या मीटिंगमध्ये घराची परिस्थिती सांगायची, सगळ्यांनी मिळून काय द्यायचं ते ठरवायचं आणि शेवटी पिशवी फिरवायची, जिच्यात कोण किती टाकतो ते कुणी बघत नाही. एकोणिसाव्या शतकातच ही सोसायटी भारतात आली आणि पॅरिशपॅरिशमध्ये गेली. म्हणजे पोरांनो, ज्या नियमाला तुम्ही म्हाताऱ्यांचा नियम म्हणता तो तुमच्याच वयाच्या कॉलेजच्या पोरांनी केलेला आहे.

वसईत अजून एक गोष्ट झाली ती मला या सगळ्याइतकीच मोठी वाटते. १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस या फादरांच्या पुढाकाराने बसीन (म्हणजे वसई) कॅथलिक बँक उभी राहिली, सहकारी तत्त्वावर. केळी आणि पानमळ्यावर जगणारा शेतकरी सावकाराकडे अडकायचा, त्याला पिशवीभर तांदूळ देऊन काय होणार होतं. कर्ज वेळेवर आणि माफक व्याजाने मिळणं, ही पण सेवाच. आमच्याकडे आजही एखादं कुटुंब तिसऱ्या-चौथ्या महिन्यात परत रेशन मागतं तेव्हा मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, यांचं देणं कुठे अडकलंय ते बघितलं का?

दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२ ते ६५ झाली, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठीत आली, आणि प्रापंचिकांचं काम हे फादरांना हातभार लावणं एवढंच नाही, ते त्यांचं स्वतःचं काम आहे असं परिषदेने १९६५ च्या लेखात स्पष्ट लिहिलं. १९९८ ला वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा भाग, झाला, २००५ ला सिंधुदुर्गचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी तर हरित वसईच्या आंदोलनात पाणी आणि जमीन वाचवणं हेही सेवेतच आणलं.

अलीकडचं तुम्हाला माहीतच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्या झोपवल्या आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. चिपळूणला आम्ही टेम्पोत बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, कपडे भरून गेलो आणि पहिल्याच घरी एक मावशी म्हणाल्या, बिस्किटं खूप झाली गो, फावडं आहे का? घरात गुडघाभर चिखल, कपाटाच्या दारामागे सुद्धा चिखल, पीठ, पेट्रोल आणि गटार यांचा मिळून एक वास जो केसांतून चार दिवस जात नव्हता. फावडी आमच्याकडे दोनच होती. उरलेल्यांनी ताटांनी चिखल काढला, खरंच, स्टीलच्या जेवणाच्या ताटांनी. घरात शिरलोच नसतो तर फावड्याचं कळलंच नसतं.

आमच्या व्हिजिटच्या वहीत रकाने आहेत ते असे: नाव, घरात किती माणसं, कमावतं कोण, औषधं कुठली, मुलांची फी, मागच्या वेळी काय बोलणं झालं. धर्माचा रकाना नाही आणि कुणी आखायचाही नाही. प्रार्थना करू का असं आपण होऊन विचारायचं नाही, त्यांनी म्हटलं तर जरूर करायची. १५५९ चं वर सांगितलं ते याच्यासाठीच.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये जमायचंय. नवीन पोरांच्या जोड्या जुन्यांबरोबर लावल्यात, प्रत्येकी चार घरं. फावडी सहा झालीत, ती मागच्या खोलीत आहेत, किल्ली माझ्याकडे.