ओळखीच्या शब्दांचा चकवा: आयरिश इंग्रजीतलं ‘आफ्टर’

समजा, डब्लिनच्या एका इस्पितळात ड्युटी बदलते आहे. घरी निघालेली आयरिश नर्स नव्याने रुजू झालेल्या मराठी मुलीला सांगते, ‘आय’म आफ्टर गिव्हिंग हिम हिज टॅब्लेट्स.’ यातला एकही शब्द तिला नवा नाही. शाळेतल्या इंग्रजीने अर्थ लावला तर नर्स गोळ्या देण्याच्या मागे आहे, म्हणजे अजून द्यायच्या आहेत, असं वाटतं. नर्स मात्र सांगत असते, ‘गोळ्या आत्ताच दिल्यात.’ गैरसमज तसाच राहिला तर पेशंटला दुसरा डोस जाऊ शकतो.

प्रादेशिक इंग्रजी म्हटलं की आपल्याला धास्ती वाटते ती अवघड शब्दांची. त्यांची खरं तर एवढी चिंता नको. ‘बँजॅक्स्ड’ कानावर पडलं की आपण थांबतो, विचारतो, आणि त्याचा अर्थ ‘पार मोडलेलं’ हे कळतं. ‘हॉट प्रेस’ म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं, कपडे उबदार ठेवायचं कपाट, हेही एकदा विचारलं की संपलं. ओळखीच्या शब्दांच्या बाबतीत मात्र अर्थ आधीच हाती आलेला असतो, मग विचारावंसंच वाटत नाही. प्रमाण इंग्रजीत ‘ही इज आफ्टर अ जॉब’ म्हणजे तो नोकरीच्या शोधात आहे. तोच साचा इथे लावला की झालेली गोष्ट व्हायची वाटू लागते. ‘एक हजार इडियम्स तीस दिवसांत’ अशा याद्या पाठ करूनही हे कळत नाही, कारण इथे पाठ करायला वेगळा शब्दच नाही. सगळी मेख वाक्याच्या सांगाड्यात आहे.

तो सांगाडा आला आयरिशमधून, म्हणजे आयर्लंडच्या, इंग्रजीहून अगदी वेगळ्या, मूळ भाषेतून. ‘आय हॅव जस्ट रिटन’ हे प्रमाण इंग्रजी वाक्य ‘हॅव’वर उभं आहे, आणि आयरिशमध्ये ‘हॅव’ला क्रियापदच नाही. ‘आय हॅव अ बुक’ म्हणायला तिथे ‘आहे पुस्तक माझ्यापाशी’ अशा अर्थाचं वाक्य करतात. मराठी माणसाला हे परकं वाटायला नको, आपणही ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असंच म्हणतो. मग नुकतीच संपलेली क्रिया आयरिश माणूस सांगतो कशी? ‘टॉ मे तर एश लितिर अ श्क्रीव.’ ‘टॉ’ म्हणजे आहे, ‘मे’ म्हणजे मी, ‘तर एश’ म्हणजे नंतर, ‘लितिर’ म्हणजे पत्र आणि ‘अ श्क्रीव’ म्हणजे लिहिणं. मी आता पत्र लिहिण्याच्या पलीकडच्या काठावर उभा आहे, असा तो भाव. आयरिश बोलणाऱ्यांनी इंग्रजी उचलली तेव्हा ‘टॉ’च्या जागी ‘ॲम’ आलं, ‘तर एश’च्या जागी ‘आफ्टर’ आणि धातुसाधित नामाच्या जागी ‘रायटिंग’. आयरिशमध्ये वाक्य क्रियापदाने सुरू होतं आणि इथे कर्म धातुसाधिताच्या आधी येतं. हा क्रम तेवढा इंग्रजी वळणावर गेला, बाकी बांधणी तीच राहिली. मागे सुटलेल्या भाषेचा नव्या भाषेवर असा ठसा उमटतो, त्याला भाषाशास्त्रात अधःस्तराचा प्रभाव म्हणतात.

हे मोठ्या प्रमाणावर घडलं ते लोकांनी भाषाच बदलली म्हणून. 1831 पासून सरकारी व्यवस्थेतल्या शाळा इंग्रजीतून शिकवू लागल्या. 1845 ते 1852 च्या दुष्काळाने आयरिशभाषक पश्चिम भाग उजाड केला. 1851 च्या जनगणनेत आयरिश बोलणारे 15 लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी उरले होते. वॉटरफर्ड आणि वेक्सफर्डकडून कॅनडात न्यूफाउंडलंडला गेलेल्यांनी ही रचना सोबत नेली, आणि ती तिथे आजही बोलली जाते. हिला अडाणी इंग्रजी म्हणणाऱ्यांनी तिची शिस्त पाहावी. ‘आफ्टर’ चालतं ते ताज्या घटनेला. दहा वर्षं चालू असलेल्या गोष्टीला साधा चालू काळ, ‘आय’म लिव्हिंग हिअर टेन इयर्स’. काम पुरं होऊन हाती आलं असेल तर ‘आय हॅव द लेटर रिटन’. ‘नॉट आफ्टर’ असा नकार फारच विरळा.

याच्या उलट टोकाला सगळ्याचं मूळ आयरिशमध्ये शोधणारेही आहेत. गप्पा आणि मजा या अर्थाचा ‘क्रॅक’ हा शब्द अस्सल आयरिश म्हणून मिरवला जातो. तो आला इंग्रजी आणि स्कॉट्स बोलींतून. आयरिश वळणाचं स्पेलिंग नंतर चिकटलं.

ऐकताना काय पाहायचं? ‘आफ्टर’च्या आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ आहे का आणि नंतर ‘-इंग’चं रूप आहे का. दोन्ही असेल तर तिथे ‘हॅव जस्ट’ घालून वाक्य पुन्हा म्हणा. ‘वॉज आफ्टर’ असेल तर ‘हॅड जस्ट’. घाईत हा ‘आफ्टर’ निसटू शकतो आणि ‘आय’म गिव्हिंग’ एवढंच कानात राहतं. पुढे नुसतं नाम आलं तर मात्र नियम पुरत नाही. ‘ही’ज आफ्टर हिज डिनर’ म्हणजे बहुधा नुकताच जेवलाय, पण जेवण शोधतोय असाही अर्थ निघू शकतो. तिथे संदर्भच पाहावा लागतो.

आणि गोळ्यांसारखी बाब असेल तर अंदाजावर न राहता चार्ट बघावा आणि सरळ विचारावं, ‘हॅज ही हॅड देम?’ उत्तर बहुधा ‘येस’ असं येणार नाही, ‘ही हॅज’ असं येईल. आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ला स्वतंत्र शब्द नाहीत, क्रियापदच उलटून म्हणतात. आपण ‘जेवलास?’ला ‘जेवलो’ म्हणतो, तसंच.