विजेचा स्मोकर: खालची झडप आणि वरचं धुराडं

पत्र्याच्या पिंपात हॉटप्लेट बसवून घरीच बांगडा किंवा चिकन स्मोक करणारे, म्हणजे लाकडाच्या धुरात मंद शिजवणारे, बरेच जण खालची झडप आणि वरचं धुराडं या दोन्ही भोकांचं काम एकच समजतात: आच कमी-जास्त करणं. ही सवय कोळशाच्या स्मोकरची. तिथे खालून जितकी हवा, तितका कोळसा फुलतो. विजेच्या स्मोकरमध्ये आच कॉइल देते आणि थर्मोस्टॅट सांभाळतो. हवेकडे उरतं ते मुख्यतः धुराचं काम.

खालची झडप लाकडाच्या तुकड्यांसाठी. आंब्याचे किंवा पेरूचे वाळके तुकडे धुमसले पाहिजेत, पेटता कामा नयेत. झडप सताड उघडी राहिली तर ते जाळ धरतात आणि तापमान भसकन चढतं. थोडी फट पुरते. मध्येच धूर थांबला तरी लगेच झडपेला हात लावू नका. समजा ११० अंश सेल्सिअस लावलंय. तेवढं तापलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो आणि तिच्यावरच्या ताटलीतलं लाकूड निवतं. त्यात हवेचा दोष नसतो.

धुराड्याचं तसं नाही. धूर कोंडला तर जास्त मुरेल या आशेने लोक नेमकं तेच बंद करतात आणि मासा तिथेच बिघडतो. वरून गरम हवा बाहेर पडली तरच खालून ताजी आत येते. ती वाट अडली की लाकूड गुदमरतं, दाट पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडतं आणि माशाची वाफही आतच अडकते. झाकण उचलून आतली बाजू बघा: तपकिरी, चिकट थेंब लोंबत असतात. तेच बांगड्यावर गळतात आणि तो कडू होतो. चांगला धूर विरळ, निळसर असतो. म्हणून मी धुराडं पूर्ण उघडंच ठेवतो; धूर जास्त वाटला तर लाकूड कमी घालतो.

पिंप तापलं की खालच्या झडपेपाशी उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर छान. बाहेर फेकला गेला, किंवा झाकणाच्या फटीतून धूर येत असला, तर धुराडं अपुरं पडतंय. भोक मोठं करा, नाहीतर वर फूटभर पाइप चढवा. उंचीने ओढ वाढते.

आणि हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेतच करा. धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.