विहिरीतला तो बुलफ्रॉग नव्हे

विहिरीत चारही पाय पसरून निवांत तरंगणारा, नुसते डोळे वर काढलेला बेडूक दिसला की बरेच जण त्याला बुलफ्रॉगचं पिल्लू ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो असतो स्किटरिंग फ्रॉग, शास्त्रीय नाव युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस. पूर्ण वाढला तरी जेमतेम ६-७ सेंटिमीटरचा. बुलफ्रॉग, म्हणजे होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, १५ सेंटिमीटरच्याही पुढे जातो. पण लहानपणी दोघं सारख्याच मापाचे आणि सारखेच मळकट हिरवे, त्यामुळे तेव्हा माप आणि रंग दोन्ही कुचकामी.

पाठ बघावी. बुलफ्रॉगच्या पाठीवर डोक्याकडून मागे जाणाऱ्या कातडीच्या लांबट घड्या असतात आणि बहुधा मधोमध एक फिकट पट्टा. स्किटरिंगच्या पाठीवर घड्याही नाहीत आणि पट्टाही नाही, फक्त बारीक फोड विखुरलेले.

पाठ दिसत नसेल तर सरळ दोन पावलं जवळ जावं. बुलफ्रॉग बहुधा काठावरून एकच लांब उडी मारतो आणि गडप होतो, पण घाबरला तर तोही कधी पाण्यावरून उड्या मारतो, त्यामुळे ही खूण पक्की नाही. स्किटरिंग मात्र चपटा दगड पाण्यावर भिरकावल्यासारखा टप टप टप करत पृष्ठभागावरूनच पळतो, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा डोळे वर काढून बघत बसतो. हिंदुस्तानातले बेडूक पाण्यावरून धावतात याचं बाबरालाही नवल वाटलं होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं आहे.

खरा फरक मात्र राहणीत. स्किटरिंगला बाराही महिने पाणी लागतं: विहीर, तळं, ओढ्यातला डोह, अगदी गढूळ हौदही चालतो. पाणी असेल तिथे तो उन्हाळ्यातही दिसतो, भर दिवसा ओरडतोही. बुलफ्रॉग कोरडे महिने जमिनीत गाडून घेऊन काढतो. पहिला दणदणीत पाऊस पडला की भातखाचरांत आणि डबक्यांत नर गोळा होतात, लिंबासारखे पिवळेधमक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. माद्या मात्र मळकटच राहतात. दर जूनमध्ये या पिवळ्या नरांचे व्हिडिओ ‘विषारी नवा बेडूक’ म्हणून फिरतात. तो विषारीही नाही आणि नवाही नाही; विणीचा जोर ओसरला की तो पिवळेपणाही उतरतो.

डबकी लवकर आटतात, म्हणून बुलफ्रॉगच्या टॅडपोलना, म्हणजे पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांना, वाढायची घाई असते. ते पक्के मांसाहारी, डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडकांचे टॅडपोल खातात, वेळ पडली तर भावंडंही सोडत नाहीत.

माणसाच्या ताटात जातो तो बहुधा बुलफ्रॉगच, कारण मांडीला मांस त्याच्याच. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद केली, तरी गोव्यात पावसाळी रात्री बॅटरी घेऊन बेडूक धरणारे आजही निघतात. नेमके विणीसाठी बाहेर पडलेले प्राणीच हाती लागतात, हे यातलं सगळ्यात वाईट. उलट अंदमानात हाच बुलफ्रॉग उपरा. माणसांनी तो तिथे नेला, तो पसरला, आणि त्याचे खादाड टॅडपोल आता तिथल्या मूळच्या बेडकांच्या पिल्लांवर ताव मारतात.