उपग्रह चालले, कंपनी बुडाली

मार्च २००० मध्ये इरिडियम कंपनीचे उपग्रह पृथ्वीभोवती ठरल्या वेळी ठरल्या जागी फिरत होते आणि खाली अमेरिकेत ते वातावरणात उतरवून जाळून टाकायचे बेत चालले होते. यंत्रणेत दोष नव्हता. दिवाळं कंपनीचं निघालं होतं.

कल्पना १९८७ सालची, मोटोरोलाच्या ॲरिझोनातल्या तीन अभियंत्यांची: जगात कुठूनही लागेल असा हातात मावणारा फोन. तोवर उपग्रहावरून बोलायचं म्हणजे मुख्यतः भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी थांबलेल्या दिसणाऱ्या उपग्रहावरून, आणि तो ३५,७८६ किलोमीटर उंच. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. उपग्रह ७८० किलोमीटरवर आणला तर हा खोळंबा संपतो आणि छोट्या अँटेनाचंही काम भागतं. पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही. तो शंभर मिनिटांत पृथ्वीला फेरी घालतो आणि आपल्या डोक्यावरून दहाएक मिनिटांत क्षितिजाआड जातो. म्हणून ताफाच हवा. पहिल्या हिशेबात ७७ उपग्रह लागत होते. इरिडियमचा अणुक्रमांक ७७, म्हणून ते नाव. पुढे ६६ पुरतील असं दिसलं, पण ६६ क्रमांकाचं मूलद्रव्य डिस्प्रोसियम. ते नाव फोनवर कोण छापणार?

खरी करामत कॉल पुढे नेण्यात होती. ग्लोबलस्टार या प्रतिस्पर्ध्याचा उपग्रह आलेला कॉल लगेच जवळच्या भूकेंद्रावर, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रावर, उतरवायचा. भूकेंद्र टप्प्यात नसेल तर फोन मुका. इरिडियमचा उपग्रह मात्र चार शेजाऱ्यांशी थेट बोलतो: स्वतःच्या कक्षेतले पुढचा-मागचा आणि बाजूच्या कक्षांतले दोन. भर प्रशांत महासागरातला कॉल आकाशातच खो देत देत हव्या त्या भूकेंद्रापर्यंत नेता येतो. शिवाय प्रत्येक उपग्रह जमिनीवर रेडिओ लहरींचे ४८ झोत टाकतो आणि ते सरकत राहतात. त्यामुळे जागचं न हलता बोलणाऱ्या माणसाचा कॉलही साधारण मिनिटागणिक एका झोतातून दुसऱ्यात जातो. हे सगळं महागडं होतं. खर्च पाच अब्ज डॉलरवर गेला.

कक्षा सहा, प्रत्येकीत ११ उपग्रह, आणि सगळ्या ध्रुवांजवळ एकत्र येतात. म्हणजे उपग्रहांची सर्वांत दाट गर्दी तिथे, जिथे गिऱ्हाईक जवळपास नाहीच. ज्याच्या खिशात पैसा होता तो व्यापारी शहरात, छताखाली बसलेला, आणि या फोनला तर मोकळं आकाश लागायचं. १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली. पहिला कॉल उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी केला. फोन वीटभर, किंमत सुमारे तीन हजार डॉलर, बोलायचे मिनिटाला कित्येक डॉलर. दरम्यानच्या अकरा वर्षांत साधे मोबाइल टॉवर शहराशहरांत उभे राहिले होते. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

भारतीय वित्तसंस्थांचेही पैसे यात अडकले. इरिडियम इंडिया या इथल्या कंपनीने मोटोरोलावर फसवणुकीची तक्रार केली ती पुण्याच्या न्यायालयात. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ज्या गुन्ह्यात हेतू सिद्ध करावा लागतो त्यासाठीही कंपनीवर खटला चालू शकतो, असं सांगितलं. आपल्याकडे इरिडियमचं नाव बहुधा फोनपेक्षा या निकालामुळे जास्त घेतलं गेलं असावं.

उपग्रह वाचवले डॅन कोलुसी यांनी. पॅन ॲम या विमान कंपनीच्या या माजी अध्यक्षांनी २००० च्या अखेरीस सगळा डोलारा अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या आसपास विकत घेतला. अमेरिकी संरक्षण खात्याने त्यांना दोन वर्षांचं ७ कोटी २० लाख डॉलरचं कंत्राट दिलं. या खात्याचं स्वतःचं भूकेंद्र हवाईत होतं. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या सैनिकाचा कॉल परक्या देशाच्या जमिनीला न शिवता थेट तिथे उतरत होता. हे शक्य होतं ते त्याच महागड्या आकाशातल्या दुव्यांमुळे, ज्यांना उधळपट्टी म्हणणं सोपं होतं.

२००९ मध्ये इरिडियम ३३ हा उपग्रह सायबेरियावर एका निकामी रशियन उपग्रहाशी धडकला आणि दोघांचेही शेकडो तुकडे झाले. २०१७ ते २०१९ दरम्यान स्पेसएक्सच्या रॉकेटांनी ७५ नवे उपग्रह वर नेले. त्यांच्यावर विमानांचा माग ठेवणारी यंत्रंही आहेत, म्हणून रडार न पोचणाऱ्या महासागरांवरची विमानंही आता दिसतात. आणि इरिडियमची बहुतांश जोडणी आज माणसांच्या हातात नसून समुद्रात तरंगणाऱ्या बोयांवर, मालवाहू गाड्यांवर आणि खाणींतल्या यंत्रांवर आहे. ही गिऱ्हाइकं उघड्यावरच असतात आणि त्यांना फोन जड असल्याचं काही वाटत नाही.