मुक्त विज्ञान प्रशिक्षण

शोधनिबंध, डेटा, संगणकीय कोड आणि कार्यपद्धती इतरांना पाहता, तपासता आणि पुन्हा वापरता याव्यात अशा रीतीने काम करायला संशोधकांना शिकवणे म्हणजे मुक्त विज्ञान प्रशिक्षण. त्यात तत्त्वे आणि हाताचे कौशल्य दोन्ही येतात. नुसते कौशल्य शिकवले, तर संशोधक डेटा कुठेतरी चढवून मोकळा होतो. नुसती तत्त्वे सांगितली, तर तो मान डोलावतो आणि आपल्या जुन्या फाइलींकडे परततो.

२००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याचा रोख शोधनिबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावेत यावर होता. पुढे प्रश्न निकालांच्या विश्वासार्हतेपर्यंत गेला. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहणाऱ्या प्रकल्पाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारे, होते, पुन्हा केल्यावर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. युनेस्कोच्या २०२१च्या शिफारशीत प्रशिक्षण आणि क्षमताबांधणी हे सात कृतिक्षेत्रांपैकी एक आहे.

शिकवण्याची सुरुवात बहुधा फाइलींपासून होते, आणि ते योग्यच आहे. एक्सेलमध्ये ‘सेप्ट२’ हे जनुकाचे नाव टंकले की त्याची आपोआप २ सप्टेंबर ही तारीख होते. जनुकयाद्यांच्या एक्सेल फाइली जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पंचमांशांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये आढळले. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, प्रत्येक बदल स्क्रिप्टमधून, म्हणजे लिहून ठेवलेल्या संगणकीय आज्ञांतून, करायचा, स्तंभांचे अर्थ वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायचे, हे नियम का पाळायचे ते या एका उदाहरणावरून पटते. त्यापुढे पुनर्वापराचे परवाने, प्रीप्रिंट (समीक्षेआधीच खुला केलेला निबंध), कोडच्या आवृत्त्या सांभाळणे आणि पूर्वनोंदणी, म्हणजे डेटा हाती येण्याआधीच गृहीतक व विश्लेषणाचा आराखडा नोंदवणे, हे विषय येतात.

२०१६ मध्ये मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे सांगतात की डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर प्रणालींशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. डेटा सर्वांना खुला असलाच पाहिजे, असे त्यांत कुठेही नाही. रुग्णांच्या नोंदी परवानगीशिवाय न देताही फेअर ठेवता येतात. मुक्त म्हणजे सगळेच उघडे, या समजुतीने नवखे संशोधक बिचकतात, त्यामुळे ‘शक्य तितके मुक्त, गरजेपुरते बंद’ हे सूत्र पहिल्याच सत्रात सांगितलेले बरे.

शिकवण्याच्या पद्धतीवर १९९८ मध्ये सुरू झालेल्या, संशोधकांना संगणकीय कौशल्ये शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेन्ट्रीचा ठसा आहे. आता ती ‘द कार्पेन्ट्रीज’ संस्थेचा भाग आहे. प्रशिक्षक स्लाइड दाखवत नाही, सर्वांसमोर कोड टंकत जातो आणि स्वतःच्या चुका तिथेच दुरुस्त करतो. शिकणारे लॅपटॉपवर दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या लावतात: एक ‘जमले’साठी, दुसरी ‘अडलो’साठी. त्यामुळे हात वर करण्याचा संकोच टळतो. प्रशिक्षकांसाठीची एक हस्तपुस्तिका २०१८ मध्ये १४ जणांनी हॅनोव्हरमध्ये एकत्र बसून अवघ्या पाच दिवसांत लिहिली. ती सार्वजनिक अधिकारात सोडलेली असल्याने कोणीही तिचे भाषांतर वा फेरफार करू शकतो. नासाचा ‘ओपन सायन्स १०१’ हा पाच भागांचा अभ्यासक्रमही विनामूल्य आहे.

खरी अडचण वर्गाबाहेर आहे. नेमणूक आणि बढती नियतकालिकाच्या प्रभावांकावर, म्हणजे त्यातील निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्यावर, ठरत असेल, तर डेटा नीट लावण्यात घालवलेले महिने संशोधकाच्या खात्यावर कुठेच जमा होत नाहीत. असे अंक व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरू नयेत, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले. पण सह्या करणाऱ्या संस्थांतही जुनी सवय लगेच सुटत नाही. ‘नोंदणीकृत अहवाल’ हा प्रकार इथे जास्त उपयोगी ठरतो. त्यात नियतकालिक प्रयोगाचा आराखडा आधी तपासते आणि तो पसंत पडल्यास निकाल काहीही लागला तरी, ठरल्याप्रमाणे काम झाले असेल तर, निबंध छापण्याचे तत्त्वतः मान्य करते. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ मध्ये तो स्वीकारला आणि पुढे शेकडो नियतकालिकांनी त्याचे अनुकरण केले.